भूत गंभीर असेल तरच हसू येतं (भीती आणि विनोद एकत्र आणणाऱ्या सिनेमांबद्दल)

शेवटची रांग

भीती आणि विनोद एकाच सिनेमात आणणारं जे काही मिळेल ते मी बघते. बहुतेक वेळा ना धड घाबरायला होतं, ना धड हसायला येतं. पण जे जमून गेलेत ते वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाहीत. ते का जमले, यावर बरेच दिवस विचार करतेय. माझं म्हणणं मांडते, तुमचंही ऐकायचंय.

माझ्या मते भुताने आपलं काम मनापासून केलं पाहिजे. हसू यावं ते घाबरणाऱ्या माणसांच्या वागण्यातून. भूतच जर "घाबरू नका, ही गंमत आहे" असं सुचवायला लागलं, तर पडद्यावरचा माणूस का पळतोय हेच आपल्याला कळेनासं होतं, आणि मग त्याच्या पळण्याचं हसूही येत नाही.

१९४८ चा 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' घ्या. बेला लुगोसीने १९३१ मध्ये ड्रॅक्युला केला होता. त्यानंतर सिनेमात तो पुन्हा ड्रॅक्युला झाला तो थेट या विनोदी चित्रपटात, आणि तोच रुबाब, तीच नजर घेऊन. एका प्रसंगात या विनोदी जोडीतला कॉस्टेलो शवपेटीजवळ एकटाच उभा आहे. बाजूच्या फलकावरची माहिती मोठ्याने वाचतोय. मेणबत्ती ठेवलीय पेटीच्या झाकणावर. झाकण किंचित उचललं जातं आणि मेणबत्ती सरकते. त्याची बोबडी वळते, तो मित्राला हाका मारतो. मित्र येतो तेव्हा सगळं जिथल्या तिथे. मित्र गेला की मेणबत्ती पुन्हा सरकते.

यात ड्रॅक्युलाने विनोदी असं काहीच केलेलं नाही. तो फक्त पेटीतून बाहेर यायचा प्रयत्न करतोय. पोट धरून हसायला लावणारी गोष्ट एकच: जे दिसलं ते सांगूनही कोणाला पटत नाही. आणि नीट बघा, भीतीदायक गोष्टही तीच आहे. आपल्या सगळ्यांना पडणारं हे दुःस्वप्न आहे, की मी ओरडून सांगतोय आणि कोणी ऐकतच नाही.

काळं मांजर

छान धागा. 'झपाटलेला' आठवला लगेच. १९९३ चा. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्याला माहीत आहे आणि बाकीच्यांना तो वेडा वाटतोय. लहानपणी पाहिला तेव्हा तात्या विंचूला घाबरून रडले होते. मोठेपणी पाहिला तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डेचा चेहरा बघून हसत होते, आणि तरी तो बाहुला एकटा उभा दिसला की अंगावर काटा येतोच. रामदास पाध्येंनी घडवलेला तो बाहुला. त्याची मान वळते त्यात माणसासारखा सहजपणा नाही, थोडा अडखळलेपणा आहे. भीती तिथेच आहे असं मला वाटतं.

रीळ

मी संकलन करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

दचकणं आणि हसणं या दोन्हींची तयारी संकलनाच्या टेबलावर सारखीच करावी लागते. प्रेक्षकाला कसली तरी वाट बघायला लावायची, वाट लांबवायची आणि मग त्याच्या अंदाजाच्या जरा आधी किंवा जरा नंतर ती गोष्ट द्यायची. विनोदाची शेवटची ओळ अर्धा सेकंद उशिरा आली तर मरते. दचकाही तसाच मरतो.

१९४२ च्या 'कॅट पीपल' मध्ये एक बाई रात्री सामसूम रस्त्याने चाललीय. मागून पावलांचा आवाज, मग तोही बंद. ती भराभर चालायला लागते. अचानक फिस्कारल्यासारखा कर्कश आवाज येतो आणि पडद्यावर शिरते बस. तिच्या ब्रेकचा आवाज होता तो. निर्माते व्हॅल ल्यूटन, म्हणून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. थिएटरमध्ये अशा जागी काय होतं ते आठवा. लोक दचकतात आणि पुढच्याच क्षणी हसतात. ते हसू विनोदाचं नसतं, सुटकेचं असतं.

हे सुटकेचं हसू फुकटात मिळतं म्हणून पुष्कळ दिग्दर्शक त्याच्या मागे लागतात. पण एकदा का लोक असे हसले की ताण पार उतरलेला असतो, तो पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो. दर दोन मिनिटांनी कोणी ना कोणी चुरचुरीत वाक्य टाकतोय अशा सिनेमात भीती का टिकत नाही, त्याचं कारण हे आहे. ती चढायला वेळच मिळत नाही.

टॉर्च

धागाकर्तीच्या मूळ मुद्द्याशी असहमत. भुताने गंभीरच असलं पाहिजे हे कोणी ठरवलं?

'इव्हिल डेड २', १९८७, दिग्दर्शक सॅम रेमी. नायक ॲशचा स्वतःचाच हात झपाटला जातो. तो हात त्याच्या डोक्यावर ताटल्या फोडतो, केस धरून त्याला आपटतो. शेवटी ॲश करवतीने तो हात कापतो आणि पळून जाऊ नये म्हणून त्यावर बादली पालथी घालतो. बादली हलू नये म्हणून वर पुस्तकं ठेवतो. सगळ्यात वरचं पुस्तक कोणतं? हेमिंग्वेचं 'अ फेअरवेल टू आर्म्स'. आर्म्स म्हणजे शस्त्रं, आणि हातही! हा सिनेमा विनोद करतोय, उघडउघड करतोय, आणि विदूषक दुसरं तिसरं कोणी नसून तो झपाटलेला हात आहे.

शेवटची रांग

टॉर्च, उदाहरण जबरदस्त आहे. पण पुस्तकाचा विनोद दिग्दर्शकाचा आहे, हाताचा नाही. हाताला ॲशला ठार मारायचंय आणि त्यात तो क्षणभरही ढिलाई करत नाही. रक्त खरं, वेदना खरी. म्हणूनच ते बघवतही नाही आणि नजरही हटत नाही.

टॉर्च

मग त्याच सिनेमातला पुढचा प्रसंग बघा. भिंतीवरचं हरणाचं मुंडकं एकदम हसायला लागतं. मग दिवा, मग कपाट, मग पुस्तकं. अख्खी खोली खदाखदा हसतेय. आणि ॲशही त्यांच्याबरोबर हसायला लागतो, अगदी अंग हलवून हलवून. हसता हसता ते हसणं किंचाळण्यात कधी जातं ते कळत नाही. इथे भुतं स्वतः हसतायत, आणि मला विचाराल तर या प्रकारातला हा सर्वांत भयानक प्रसंग आहे.

शेवटची रांग

हे मान्य. या प्रसंगापुढे माझं वाक्य तोकडं पडतं. पुन्हा पाहते आणि लिहिते.

पानगळ

धागा वाचताना सारखं संस्कृत काव्यशास्त्रातल्या रसविचारातलं आठवत होतं, म्हणून थोडं सविस्तर.

विश्वनाथाने चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पणा'त कोणते रस एकमेकांचे विरोधी ते सांगितलंय. हास्याचे विरोधी दोन, भयानक आणि करुण. म्हणजे आपण ज्याच्यावर बोलतोय ते मिश्रण शास्त्राच्या दृष्टीने मुळातच अवघड. मात्र त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त विरोधी रस एकत्र नांदवायचे मार्ग दिलेत. त्यातले दोन इथे फार उपयोगाचे आहेत.

पहिला मार्ग आश्रय वेगळा करण्याचा. आश्रय म्हणजे तो भाव ज्याच्या मनात आहे ती व्यक्ती. दोन विरोधी भाव एकाच माणसात कोंबू नका, दोघांत वाटून द्या. मेणबत्तीचा प्रसंग तंतोतंत हाच. भय आहे कॉस्टेलोच्या ठिकाणी. त्याच्या मित्राच्या ठिकाणी भयाचा लवलेश नाही, आहे तो वैताग. दोघांना एका चौकटीत उभं केलं की हसू आपोआप उमटतं, कोणाला विनोद करावाच लागत नाही.

दुसरा मार्ग मध्ये तिसरा रस आणण्याचा. विरोधी रस एकमेकांना चिकटून येऊ द्यायचे नाहीत.

आता टॉर्च यांचा हरणाचा प्रसंग. तिथे हास आणि भय दोन्ही एकट्या ॲशच्या ठिकाणी आहेत, दोन्ही एकाच वेळी, मध्ये तिसरं काही नाही. नियम सरळ मोडलाय. आणि परिणाम काय होतो? आपल्याला तो माणूस वेडा होताना दिसतो. नियम मोडल्याने रसभंग व्हायला हवा होता. तो रसभंगच दिग्दर्शकाने उन्मादाचं रूप म्हणून वापरलाय. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

सावल्या

पानगळ, प्रतिसाद साठवून ठेवतोय.

याच्याशी जुळणारं एक. नोएल कॅरल या तत्त्वज्ञांचा १९९९ चा 'हॉरर अँड ह्यूमर' नावाचा लेख आहे. त्यांचं म्हणणं असं की राक्षस आणि विदूषक एकाच घरचे. दोघंही आपल्या ठरलेल्या वर्गवारीत बसत नाहीत, जिवंत की मेलेला, माणूस की जनावर, काही सांगता येत नाही. फरक फक्त धोक्याचा. धोका असेल तर अंगावर काटा, धोका काढून घेतला तर हसू.

याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे जॉन लँडिसचा 'ॲन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन', १९८१. लांडग्याने फाडून मारलेला जॅक मित्राला भेटायला रुग्णालयात येतो. गळा उघडा पडलाय, मांस लोंबतंय. आणि तो पलंगाशेजारी बसून नेहमीच्या मित्रासारख्या गप्पा मारतो, न्याहारीतला टोस्ट मागतो. त्याच्यापासून धोका काहीच नाही. पण तो जे सांगायला आलाय ते भयंकर आहे: पौर्णिमेला तू लांडगा होशील, त्याआधी स्वतःचा जीव घे. पुढे प्रत्येक भेटीत जॅक आणखी सडलेला दिसतो, पण बोलण्याचा सूर तोच आपुलकीचा राहतो. मला दर वेळी हसू येतं आणि घशात आवंढाही येतो.

आणि तो रूपांतराचा प्रसंग! काळोख नाही, धुकं नाही. लख्ख उजेडातली बैठकीची खोली. मागे सॅम कुकच्या आवाजात 'ब्लू मून' हे संथ, गोड गाणं. आणि पडद्यावर एका माणसाचा तळहात ताणत ताणत लांब होतोय, पाठीचा कणा कातडीखालून वर येतोय, तो मदतीसाठी विव्हळतोय. या सगळ्याच्या मधोमध एक क्षणभर मिकी माउसची छोटी मूर्ती दाखवलीय, हसरी, निर्विकार. तिथे हसावं की नाही हे प्रेक्षकावर सोडलंय. रिक बेकरला या कामासाठी रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, आणि ही स्वतंत्र स्पर्धा म्हणून त्या पुरस्काराची पहिलीच वेळ होती.

किर्र

आशियाई सिनेमे कोणी घेतले नाहीत म्हणून दोन.

हाँगकाँगचा 'मिस्टर व्हँपायर', १९८५. त्यातली प्रेतं ताठ हात पुढे धरून उड्या मारत येतात. आणि नियम असा की ती श्वासावरून माणूस हुडकतात, म्हणून श्वास रोखला की तुम्ही त्यांना सापडत नाही. केवढी सोपी आणि केवढी सुंदर युक्ती! प्रेत नाकासमोर आहे, माणसाने गाल फुगवून श्वास धरलाय, चेहरा लाल होत चाललाय. बघणाराही नकळत श्वास धरतो. एकाच चेहऱ्याकडे बघून भीती आणि हसू दोन्ही वाटतं. भुताचा नियम साधा आणि पक्का असला की विनोद त्या नियमातूनच निघतो, बाहेरून चिकटवावा लागत नाही.

दुसरा जपानचा 'वन कट ऑफ द डेड', २०१७. सुरुवातीची ३७ मिनिटं एकच सलग शॉट, आणि तो काहीसा कच्चा, अडखळता वाटतो. कृपया तिथे बंद करू नका. याहून जास्त सांगितलं तर मजा जाईल.

काळं मांजर

+१. मी पंधराव्या मिनिटाला बंद करणार होते. नंतर तेच अडखळणं पुन्हा दिसतं तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

अर्धवट उजेड

नमस्कार. बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज मदत हवी आहे.

आम्ही चार जणांनी मिळून १४ मिनिटांची शॉर्टफिल्म केलीय. दोन मित्र रात्रभर एका मृतदेहाशेजारी जागत बसलेत. मध्यरात्री प्रेत उठून बसतं. एका मित्राला ते दिसतं, दुसऱ्याची पाठ आहे आणि तो फोनमध्ये गुंतलाय. मागच्या आठवड्यात तीसेक लोकांना दाखवली. प्रेत उठलं तेव्हा सगळे हसले, तिथे आम्हाला भीती हवी होती. आणि घाबरलेल्या मित्राच्या तोंडी विनोदी वाक्य होतं तिथे एकदम शांतता. आम्ही फार मेहनत केली होती, त्यामुळे खूप लागलं. काय चुकलं असेल?

रीळ

दोन गोष्टी सांगा. प्रेत उठायच्या आधीचा शॉट किती सेकंदांचा आहे? आणि मागे संगीत काय आहे?

अर्धवट उजेड

शॉट तीन सेकंदांचा. संगीत पहिल्यापासूनच थोडं खेळकर ठेवलंय, तारा बोटाने छेडल्यासारखं, ही कॉमेडी आहे हे कळावं म्हणून.

रीळ

तिथेच घोटाळा आहे. पहिल्या मिनिटापासून संगीत सांगतंय की काळजी करू नका. मग प्रेत उठलं तरी कोण घाबरणार? संगीत पूर्ण काढा. फक्त खोलीचा आवाज ठेवा: पंखा, खुर्चीची कुरकुर, फोनवर बोट फिरल्याचा बारीक आवाज. आणि तो तीन सेकंदांचा शॉट नऊ-दहा सेकंदांपर्यंत न्या. पहिले पाच सेकंद लोक फक्त बघतील. सहाव्या सेकंदाला त्यांना कळेल की हा शॉट संपत नाहीये, आणि ते चादरीकडे बघायला लागतील. तिथून पुढचे तीन-चार सेकंद तुमचे आहेत.

विनोदी वाक्य काढून टाका, कितीही आवडतं असलं तरी. ज्या माणसाने नुकतंच प्रेत उठताना पाहिलंय त्याला वाक्य सुचणार नाही. त्याला तोंड उघडता आलं तरी पुष्कळ.

शेवटची रांग

मी एवढंच विचारेन की तुमच्या प्रेताला हवंय काय? ते का उठलंय? मेणबत्ती सरकते कारण ड्रॅक्युलाला बाहेर यायचंय. तुम्हाला उत्तर माहीत असलं पाहिजे, प्रेक्षकांना नाही सांगितलं तरी चालेल.

पानगळ

आणि पाठ करून बसलेला दुसरा मित्र हे तुमचं खरं धन आहे. आश्रय वेगळा करायची सोय तुम्ही आधीच करून ठेवलीय. हसू त्याच्या ठिकाणी येऊ द्या. त्याला काहीतरी अगदी साधं, रोजचं बोलू द्या, ज्याचा प्रेताशी संबंध आहे हे त्याला माहीत नाही.

अर्धवट उजेड

मनापासून आभार. प्रेताला काय हवंय याचं उत्तर आमच्यातल्या एकाकडेही नव्हतं, हे आज रात्री बोलताना लक्षात आलं. पुन्हा लिहितो.

शेवटची रांग

मध्यंतरी हरणाचा प्रसंग तीनदा पाहिला. टॉर्च, तुमचं बरोबर. पण त्या खोलीतलं एकही मुंडकं, एकही दिवा आपल्याकडे बघून हसत नाही. सगळे ॲशकडे बघून हसतायत. आपण बाहेर आहोत आणि तो एकटा आत अडकलाय. तर मी माझं वाक्य बदलते. भुताने हवं तेवढं हसावं, पण पडद्यातल्या माणसाला सोडून आपल्याशी हातमिळवणी करू नये.

टॉर्च

हे पटलं.

काळं मांजर

पानगळ यांनी मध्ये तिसरा रस आणायचं लिहिलंय त्यावर: 'शॉन ऑफ द डेड', २००४. शॉन सकाळी घरून निघून दुकानात जातो आणि परत येतो, एकच सलग शॉट. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तसाच सलग शॉट. आता जग मेलेल्या माणसांनी भरलंय, दुकानातल्या फ्रिजच्या दारावर रक्ताचे पंजे उमटलेत, जमिनीवरच्या रक्तावरून त्याचा पाय घसरतो, आणि झोपेत असल्यासारखा तो काही न बघता परत येतो. तिथे मी खूप हसले. आणि पुढे त्याच शॉनला स्वतःच्या आईवर बंदूक रोखावी लागते. तिथे कोणीही विनोद करत नाही. तो करुण प्रसंग मध्ये आला म्हणून त्यानंतरची भीती आणि त्यानंतरचं हसू दोन्ही सोसवलं. विश्वनाथाच्या मते करुणही हास्याचा विरोधीच ना? इथे मात्र त्यानेच सांधा जोडला.

पानगळ

हो, विरोधीच. आणि तुमचं निरीक्षणही खरं. आईच्या त्या प्रसंगात हास्याला पूर्ण बाजूला बसवलंय, म्हणून तो सांधा टिकला असं मला वाटतं.

अर्धवट उजेड

तीन आठवड्यांनी लिहितोय. काल नवी आवृत्ती दाखवली.

संगीत काढलं. शॉट साडेनऊ सेकंदांचा केला. आणि प्रेताला काय हवंय ते ठरवलं: गेलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकत आलेला, कोणी सांगितल्याशिवाय काही न करणारा. तो उठलाय कारण पुढे काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आता प्रसंग असा आहे. पहिला मित्र पाणी आणायला उठून दारापर्यंत गेलाय. वळून बघतो तर चादर उठतेय. त्याच्या तोंडून आवाज फुटत नाही. दुसऱ्याची पाठ आहे, त्याला मागे फक्त करकर ऐकू येते. मित्रच पलीकडे आडवा होऊन चुळबुळ करतोय असं त्याला वाटतं. फोनमधून मान वर न करता तो म्हणतो, "झोप रे आता."

आणि प्रेत मुकाट्याने आडवं होतं.

चादर उठली तेव्हा खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती. प्रेत आडवं झालं तेव्हा सगळे एकदम हसले. मग दुसरा मित्र मान वर करतो आणि त्याला पहिला मित्र समोर दारात उभा दिसतो. म्हणजे मागे आपण बोललो कोणाशी? तिथे हसू जे थांबलं ते मी शेजारी बसून ऐकलं. एका बाईने पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती.

रीळ

मान वर केल्यानंतर कट किती वेळाने आहे?

अर्धवट उजेड

चार सेकंदांनी. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच थांबलोय, मागे वळून बघताना दाखवलेलं नाही.

रीळ

तो कट हलवू नका.